कपिलधारच्या पाण्यासमोर गंगासागर

सोलापूरच्या ठोक बाजारात नांदूरघाटची गंगासागर आली म्हटलं की व्यापारी लोडाला टेकलेले सरळ होऊन बसायचे. बाई साडीचा पदर दोन बोटांत चोळायची आणि "ह्यो रंग पयल्या धुण्यात जाणार" म्हणाली की तो जायचाच. नवरा विश्वेश्वरअप्पा गल्ल्यावर गप बसणारा माणूस. त्यांचं साड्यांचं दुकान चालायचं ते गंगासागरच्या जिभेवर आणि पायांवर. पहाटेची एसटी धरून एकटी जायची, गठ्ठे बांधून घ्यायची आणि दिवेलागणीला परत दुकानात हजर.

पन्नाशी जवळ आली तसं तिचं मूत्राशय तिचं ऐकेनासं झालं. लघवीची घाई आली की आलीच. दार गाठेपर्यंत थांबायची नाही. नळ सुटल्याचा आवाज झाला की घाई, घराच्या कुलपात किल्ली घातली की घाई. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसावं, तर पूजा पुरी होईस्तोवर उठावं लागायचं. तिनं घोटघोटच पाणी प्यायचं धरलं. अंगावर गडद साड्या आल्या.

मग एकदा बार्शी सोडल्यावर तिनं एसटी थांबवायला लावली. डायव्हर भला होता, लगेच थांबला. पण गठ्ठे ओलांडून दारापर्यंत पोचेस्तोवर उशीर झाला होता. पुढच्या सीटवरच्या बाईनं नाकाला पदर लावला, तो गंगासागरनं पाहिला. त्या दिवसापासून सोलापूर बंद. "आता माल मोबाईलवर मागवायचा," असं तिनं जाहीर केलं, आणि पेठेत सगळे म्हणाले, बाई लई सुधारल्या.

सुधारणा कसली हे एकट्या रुद्राणीला कळलं. रुद्राणी तिची सून, लग्नाला दोन वर्षं झालेली, तोंडानं फटकळ.

"आई, तुमी दिवसातून तीन-तीनदा साडी बदलता. मी काय आंधळी हाय?"

"वय झालं की होतं गं."

"वय झालं की मोतीबिंदू बी होतो. त्याचं आपरेशन करतोच की आपण."

गंगासागर तिच्याबरोबर बीडला गेली. बीडच्या डॉक्टरांनी चहा कमी करायला लावला, व्यायाम शिकवले, गोळ्या दिल्या. व्यायामानं थोडं बरं वाटलं, गोळ्यांनी मात्र तोंडाला कोरड पडायची आणि पोट साफ व्हायचं नाही. बऱ्याच महिन्यांनी त्यांनीच तिला संभाजीनगरला मूत्रविकाराच्या डॉक्टर धनश्रींकडे पाठवलं.

धनश्रीबाईंनी कागदावर कंबर काढली, मूत्राशय काढलं, त्यांच्यामधून एक रेघ ओढली. "मूत्राशय आणि मेंदू यांच्यातला निरोप बिघडलाय. मूत्राशय अर्धंही भरत नाही, तरी 'भरलं, भरलं' म्हणून ओरडतं. माकडहाडाच्या वर जी नस आहे, तिच्याजवळ बारीक तार ठेवून सौम्य विजेचे ठोके देत राहिलो, तर हा निरोप पुष्कळांचा सुधारतो. तारेला लागणारी छोटी बॅटरी कातडीखाली, कुल्ल्याच्या वरच्या भागात बसवतात. दुसरा मार्ग मूत्राशयात इंजेक्शनं घेण्याचा, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात."

"अंगात करंट?" गंगासागर खुर्चीत मागे सरकली.

"मुंग्या आल्यासारखं वाटतं, तेवढंच. आणि लगेच बसवायची नाहीये. आधी तात्पुरती तार, बॅटरी बाहेर पट्ट्यावर. आठवडाभर घरी जाऊन बघा. निम्म्यानं तरी फरक पडला तर पुढचं बोलू. नाही पडला तर तार काढून टाकायची."

गंगासागरचे डोळे एकदम चमकले. "म्हंजी आधी नमुना, मग माल!"

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या.

दुकानामागच्या घरी आल्यावर मात्र मनकर्णाआक्का पालीहून येऊन बसलेल्या. अप्पांची थोरली बहीण; घरात त्यांच्या शब्दाला वजन.

"कावून गं? बाईच्या जातीला मशीन बसवणार? लोक काय म्हणतील? आमच्या आईला न्हवतं का असंच? तिनं काढलंच की आयुष्य."

"काढलं, आक्का," गल्ल्यावरून अप्पा बोलले. ते सहसा बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी मान वळवली. "पण शेवटची वर्षं ती कुणाच्या लग्नाला गेली न्हाई. मामाच्या मातीलाबी न्हाई. मला तवा कळलं न्हाई कावून."

गंगासागरनं पिशवी भरायला घेतली.

तार बसवताना तिला पालथं झोपवलं होतं. जागा बधिर केली होती, पण ती जागी होती. डॉक्टर सुई इकडून तिकडे सरकवत होत्या, आणि अचानक गंगासागरच्या पायाचा अंगठा आपोआप वाकला.

"हीच नस!" डॉक्टर म्हणाल्या.

"अगं बया, माझा अंगठा माझं न ऐकता हलला!" गंगासागर पालथीच हसायला लागली, आणि नर्सला तिला धरून सांगावं लागलं की, मावशी, हलू नका.

पहिल्या दिवशी विशेष काही जाणवलं नाही. आतमध्ये कुणी हलकेच टिचक्या मारतंय, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानात एक नवरीकडची मंडळी आली. लग्नाचा बस्ता, साडीवर साडी उलगडली, घासाघीस झाली, नवरीची आजी रुसली, तिची समजूत काढली. मंडळी पायऱ्या उतरल्यावर गंगासागरच्या ध्यानात आलं की आपण मधे एकदाही उठलो नाही.

ती तशीच आत धावली. "रुद्राणी! अगं रुद्राणी! तांब्याभर पाणी दे!"

"काय झालं?"

"काहीच न्हाई झालं! तेच तर सांगतेय!"

ती उभ्याउभ्या गटागटा पाणी प्यायली. रुद्राणी दार अडवून बघत राहिली, जणू आता काही उडणार आहे. घाई आली, पण ती दमानं आली, पाहुण्यासारखी दारात थांबून. गंगासागर चालत गेली. चालत! मग अप्पांसमोर येऊन म्हणाली, "आवो, गाडी सांगा. कपिलधारला जायचं."

कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी. माहेरी शिरूर कासारला होती तेव्हापासून ती दरवर्षी जायची. आजारानंतर एकदाही गेली नव्हती. समाधीजवळच डोंगरावरून धबधबा कोसळतो, आणि श्रावणात त्याच्या आवाजानं दरी भरून जाते. नळाच्या धारेला भिणारी बाई तिथं कशी उभी राहणार?

"नमुना घ्यायचा तर नीट ताणून बघावा," ती म्हणाली.

आक्काही निघाल्या, भावजयीची फजिती झाली तर सावरायला कुणी पाहिजे म्हणून, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी वाकणं, ओझं उचलणं आणि पट्टी भिजवणं मना केलं होतं, म्हणून पायऱ्या उतरताना रुद्राणीनं तिचा दंड धरला. वळण संपलं आणि पाणी दिसलं. पांढरंशुभ्र, कड्यावरून खाली उतू गेल्यासारखं. गंगासागर तुषारांपासून लांब उभी राहिली. तिनं रुद्राणीचा हात घट्ट दाबला. पोटाखाली एक चाहूल आली. ती थांबली. चाहूलही थांबली. पाणी कोसळत होतं आणि ती कोरडी उभी होती.

"रुद्राणी, हे बघ! बघ की गं!" ती ओरडली. बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी रुद्राणी बघत होती आणि दोघी हसत होत्या.

तेवढ्यात मागून आक्कांनी तिचा पदर ओढला. चेहरा कावराबावरा. "गंगा, संडास कुठंय इथं? सांग लवकर, मला न्हाई थांबवत!"

गंगासागरनं वाट दाखवली. आक्का परत आल्या तेव्हा कुणाकडे बघेनात. गंगासागरनं त्यांना आपल्या पिशवीतलं जादा लुगडं दिलं. "वन्सं, किती वर्षं झाली?" तिनं हळूच विचारलं.

"लई," आक्का म्हणाल्या. आणि लुगडं काखेला मारून, "ती डॉक्टरीण माझ्यासारखीला तपासंल का?"

आठवडा संपला, तार काढली. दोन-तीन दिवसांत जुनं दुखणं घरी परत आलं, हक्कानं. आधी जे सवयीनं सोसलं होतं, ते आता गंगासागरला एक दिवसही सोसवेना. तरी ती भुलून गेली नाही. डॉक्टरांसमोर तिनं माल तपासावा तसे प्रश्न विचारले. बॅटरी किती टिकेल? काही वर्षं, मग बदलायची. बिघडलं तर? जखम चिघळू शकते, तार सरकू शकते, क्वचित पुन्हा ऑपरेशन लागतं. एमआरआय करायची वेळ आली तर आधी यंत्राचं सांगावं लागेल. आणि नकोच वाटलं तर? काढता येतं.

अप्पांनी घसा खाकरला. "दुकानावर मजला चढवायला पैसं साठवलं होतं. तो ऱ्हाईल. राहू दे."

"मजल्यावर चढून मला कुठं जायचंय?" गंगासागर म्हणाली. "मला बाहेर जायचंय. बसवा, मॅडम."

बसवली. पहिल्या महिन्यात डावं पाऊल उगाच थरथरायचं; डॉक्टरांनी रिमोटनं ठोके कमी केले, थरथर थांबली. सगळं काही सुटलं असं नाही. रात्री अजून उठावं लागतं, आणि जोराची शिंक आली की ती अजून पाय आवळून घेते.

पण आता दुपारच्या निवांत वेळी बायका दुकानात येतात. साडी बघायला म्हणून बसतात, पाच-दहा उलगडून घेतात आणि एकही घेत नाहीत. मग इकडंतिकडं बघून पुढं झुकतात.

"ताई, ते मशीन..."

"आधी चहा किती पिता ते सांगा," गंगासागर म्हणते. "आन् डॉक्टरला दाखवलं का? सगळ्यांना मशीन लागत न्हाई. आमच्या वन्सं बसवायला निघाल्या होत्या, त्यांचं व्यायामावरच भागलं. पण दाखवा. झाकून ठेवायला ते काय पाप हाय?"

आणि घड्या घालता घालता ती रुद्राणीला हाक मारून सगळ्यांसाठी पाणी मागवते.