घड्याळातला सेल

बंद डबी दिसली की प्रज्ञाच्या हातांना चैन पडत नसे. माहेरी तिने रेडिओ उघडला, सायकलचा डायनॅमो उघडला. आत काय आहे आणि ते कशामुळे चालतं, एवढंच तिला बघायचं असे. लग्नानंतर नागापूरच्या एका कारखान्यात ती सोल्डरिंगला लागली. सासरी तिच्या पगाराचं कौतुक होतं, खोडीचं अजिबात नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तिने उघडून परत लावलं आणि एक स्क्रू उरला. घड्याळ झकास चालत होतं, तरी सासूबाईंनी, छबूबाईंनी, घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावायची तिला बंदी होती.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सासऱ्यांचं, पुंजारामांचं, कानाचं मशीन बंद पडलं. खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत वायर, असलं ते मशीन. मशीनवाचून म्हातारा विहारातल्या वंदनेत सगळ्यांच्या आधी पुढचं म्हणून मोकळा होई. पोरं हसली, तसं त्याने विहारात जाणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसू लागला. प्रज्ञाला ते बघवेना.

"आत्याबाई, मी उघडू का?"

छबूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "उघड. पन स्क्रू उरला तर बघ!"

आत पांढरा थर साचलेला. चुना! तंबाखू, चुन्याची डबी आणि मशीन, म्हाताऱ्याने सगळं एकाच खिशात कोंबलेलं. प्रज्ञाने लिंबाच्या थेंबाने सेलला टेकणाऱ्या पट्ट्या घासल्या, कोरड्या केल्या, सगळे स्क्रू लावले. तरी आवाज नाही.

"सेल उतरला असंल," ती कशीबशी म्हणाली. घरात दुसरा सेल नव्हता.

छबूबाई उठल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्यातला सेल काढून सुनेपुढे धरला.

प्रज्ञाने तो घातला, वायर म्हाताऱ्याच्या कानात बसवली, बटण फिरवलं. म्हातारा नुसता समोर बघत राहिला. प्रज्ञाचे डोळे भरून आले.

"जाऊ दे पोरी," छबूबाई हळूच म्हणाल्या, "तुजा काय दोष न्हाई त्यात."

पुंजारामांनी मान वळवली. "मग त्या घड्याळापायी इतकी का बोलली व्हतीस तिला?"

प्रज्ञा रडता रडता हसायला लागली. छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. भिंतीवर घड्याळाची जागा रिकामी होती आणि त्याच्यासाठी दुसरा सेल आणायची कुणालाच घाई नव्हती.