पहिल्या ओढीला सुटणारी हवा

"थांबा ओ सर, हे बोलायलंय."

असं म्हणून मावशी झडपेला गाल लावायच्या. उजवा गाल, डोळे मिटून. आधी तो तपासणीच्या टाकीतल्या पाण्याने ओला करायच्या, कारण ओल्या गालाला बारीकशी हवासुद्धा गार लागते. बोटांनी का पाहत नव्हत्या, तर आठ तास पाण्यात हात घालून बोटांना काही कळायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत चहाचा कप हातात घेऊन त्या शेजारणीला विचारायच्या, "गरम हाय का गं?"

आमची कंपनी चाकणला, मोठ्या गाड्यांच्या कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर. समुद्रात खोल जाणारे लोक पाठीवर हवेची टाकी बांधतात, हे तुम्ही चित्रात पाहिलं असेल. ती टाकी आणि पाठ यांच्यामध्ये घोड्याच्या नालेसारखी एक पिशवी असते. तिला विंग म्हणतात. हवा भरली की माणूस वर येतो, काढली की खाली जातो. हवा काढायला खालच्या कडेला एक झडप, झडपेला दोरी, दोरीला गोटी. ओढली की हवा सुटते, सोडली की झडप बंद. आम्ही त्या पिशव्या करून परदेशी पाठवायचो. आमच्या बायका त्यांना ट्यूब म्हणायच्या. बाकीच्यांनी समुद्र निदान अलिबागला जाऊन पाहिला होता. मावशींनी तोही नाही. त्या लातूरकडच्या, नवऱ्यामागे चऱ्होलीला आलेल्या. नवरा वारला, त्या खोलीवर राहिल्या.

मी क्वालिटीला होतो. मावशी पाण्यात तपासायच्या, मी कागदावर लिहायचो. गळतीचे त्यांचे प्रकार ठरलेले होते. एक ट्यूब बोलायची, एक कुजबुजायची, एक खोकायची. घाईत मी एकदा वहीत तसंच लिहिलं, 'सतरा नंबर, खोकते'. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांटच्या प्रमुखांनी, वही उघडून मला विचारलं, "हे काय आहे?" मी मावशींकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दम्यासारखं ओ साहेब. थांबून थांबून येतंय." साहेबांनी ती ट्यूब स्वतः पाण्यात धरली. बुडबुडे खरंच थांबून थांबून येत होते.

एकदा गिऱ्हाइकाचा माणूस पाहणीला आला. स्वतः बुड्या मारणारा, उंच, उन्हाने मान लाल झालेला. त्याने मावशींचं काम बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, या बाईंनी ही कधी अंगावर घातली आहे का? मी मराठीत सांगितलं तर सगळ्या बायका हसल्या. मावशी म्हणाल्या, "घालते की. त्यात काय."

आमची टाकी छातीभर पाण्याची. पंजाबी ड्रेसवरच पट्टे आवळून त्या आत उतरल्या. त्याने हवा भरली. मावशींचे पाय फरशीवरून सुटले आणि त्या तोंडावर पडायला लागल्या. त्याने खांदा धरला. मग त्यांना पुढे वाकवलं, कारण झडप वर आली तरच तिच्यातून हवा निघते, आणि म्हणाला, ओढा. मावशींनी हात मागे नेऊन गोटी चाचपली आणि ओढली. कमरेपाशी बुडबुडे उठले. त्या हळूहळू खाली बसत गेल्या आणि पाय टेकल्यावर उभ्या राहिल्या. वेणीतून पाणी गळत होतं. एरवी कोणीही असतं तर बाहेर आलं असतं. मावशींनी तिथेच उभं राहून विचारलं, "अन् ओढून सुटलंच नाही तर?"

तो नीट बोलला. खोलातून वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, त्यामुळे पिशवीतली हवा आपोआप फुगत जाते. ती वेळेवर काढली नाही तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. फुप्फुस फाटतं, रक्तात बुडबुडे होतात. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो.

"किती येळ भेटतो काढायला?"

त्याने दोनदा चुटकी वाजवली. ते मला भाषांतर करावं लागलं नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी नव्या पुरवठादाराच्या झडपा आल्या. स्वस्त होत्या आणि दिसायलाही बऱ्या. नियमाप्रमाणे हवा भरायची, दहा वेळा ओढायचं, दहाही वेळा सुटली आणि बंद झाली की पास. सगळ्या पास झाल्या. शनिवारी लाईट गेले म्हणून काही ट्यूब भरलेल्याच राहिल्या. सोमवारी सकाळी मावशींनी त्या काढायला घेतल्या आणि मला बोलावलं.

"बगा."

त्यांनी गोटी ओढली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढली, हवा सुटली. दुसरी, तिसरी ट्यूब घेतली. तेच. चौथी पहिल्या ओढीला सुटली, पाचवी नाही. झडपेतलं रबर दोन दिवस दाबून राहिलं की चिकटत होतं. एकदा सुटलं की मग दिवसभर तक्रार नाही.

मावशींनी सगळ्या मालाला लाल चिठ्ठी लावली. साहेब खाली आले. गुरुवारी कंटेनर जायचा होता.

"दुसऱ्या ओढीला सुटते ना?" साहेबांनी विचारलं.

"सुटते."

"मग?"

"दोन चुटक्यांतली एक तितंच गेली की ओ साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, नियमात दहा ओढींची चाचणी आहे, दोन दिवस भरून ठेवा असं कुठे लिहिलेलं नाही, रबराचं आपण पुढच्या मालाला बघू. मग त्यांनी मला डेव्हिएशनचा कागद करायला सांगितलं. माल शंभर टक्के बरोबर नाही हे मान्य करून, तरी जाऊ द्या, असं लिहिलेला तो कागद असतो. मी केला. खाली सही केली. तेव्हा काय वाटलं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पेन उमटत नव्हतं, ते मी दोनदा झटकलं, एवढं आठवतं.

"सही केली का?" मावशींनी विचारलं.

"केली."

त्यांनी एप्रनच्या खिशातून आपला तपासणीचा शिक्का काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग ह्यो बी तुमीच मारा." आवाज चढलेला नव्हता. मी दुसऱ्या मुलीला तो मारायला दिला.

दुपारी साहेबांनी मावशींना पॅकिंगला पाठवलं. तिथे काम एकच, ट्यूबमधली उरलेली हवा काढायची, घडी करायची आणि खोक्यात भरायची. मंगळवारी मी तिकडे गेलो तेव्हा त्या घडी करायच्या आधी प्रत्येक झडप खोलत होत्या. एक रुपयाच्या नाण्याने झाकण फिरवायचं, रबर पुसायचं, ते चिकटू नये म्हणून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, झाकण परत लावायचं. एका ट्यूबला चार मिनिटं. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकाला न विचारता असं काही करायची परवानगीही नव्हती. मी क्वालिटीचा माणूस, मी तिथेच थांबवायला हवं होतं किंवा शेजारी बसून दुसरं नाणं हातात घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, "मावशी, लवकर आवरा." त्या म्हणाल्या, "आवरायलेच की."

बुधवारी शिफ्ट सुटली तरी त्या थांबल्या होत्या. माझी ताथवड्याची बस गेटवर उभी होती. मी काचेतून आत बघितलं. मान खाली घालून त्या नाणं फिरवत होत्या. मी बसमध्ये जाऊन बसलो. मोशीपर्यंत ट्रॅफिक होतं. मी मोबाईलवर क्रिकेट बघितलं.

गुरुवारी कंटेनर भरत असताना त्या माझ्याजवळ आल्या. "एकतीस खोके झाले सर. बत्तीसपासून पुढचे राहिले. ध्यानात असू द्या." मी हो म्हणालो. खोके एकूण बेचाळीस होते.

दिवाळीनंतर कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने जी माणसं परत बोलावली त्यात मावशी नव्हत्या. का नव्हत्या हे मी विचारलं नाही. बूट आणि एप्रन जमा करायला त्या आल्या, सगळ्या बायकांना भेटल्या, टाकीपाशी नवीन लागलेल्या पोरीला गाल कसा ओला करायचा ते दाखवलं. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "येते सर." मी कॉम्प्युटरवरून मान वर केली, "या मावशी," म्हणालो आणि परत खाली घातली.

पुढे पाऊस सुरू व्हायच्या सुमारास गिऱ्हाइकाचं पत्र आलं. पाच पिशव्यांची तक्रार होती. पहिल्या ओढीला हवा सुटत नाही. चार जणांना काही झालं नव्हतं. पाचवा माणूस बराच खोल होता. त्याने ओढलं, सुटलं नाही, परत ओढेपर्यंत तो वर निघाला होता. तीन आठवडे दवाखान्यात होता. डावा पाय चालत नव्हता.

खाली पाच नंबर दिले होते. मी पॅकिंगची यादी काढून एकेक कोणत्या खोक्यातला ते जुळवलं. चौतीस, छत्तीस, छत्तीस, एकोणचाळीस, एकेचाळीस. बत्तीसच्या आतला एकही नव्हता. दवाखान्यातला एकोणचाळीसमधला होता.

मी उत्तरात लिहिलं की बत्तीस ते बेचाळीस या खोक्यांतल्या सगळ्या पिशव्या परत पाठवा. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "बत्तीसच का?"

"मावशींनी सांगितलं होतं."

साहेबांनी कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "असंच जाऊ दे पत्र." तेवढं एक त्यांनी केलं, आणि तेवढंच मी.

रविवारी मी चऱ्होलीला गेलो. मावशी राहायच्या त्या चाळीच्या जागी पत्रे लावलेले होते आणि आत पाया खणत होते. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं, "त्या गेल्या की गावाला. आता न्हाई येत." नंबर मात्र त्याच्याकडे होता. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून लावला.

त्यांनी आवाज लगेच ओळखला. मी सगळं सांगितलं.

"जगला का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"जगला. एक पाय चालत नाही."

"कितवा खोका?"

"एकोणचाळीस."

त्या मनात काहीतरी मोजत असाव्यात. "म्हंजे अजून चार-पाच घंटे लागले असते," त्या म्हणाल्या.

दोघं बसलो असतो तर निम्मे, हे मला कळलं. त्यांनाही कळलं असणार. त्या ते बोलल्या नाहीत.

"जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"जेवा मग. इकडं नळाला पाणी आलंय आठ दिसांनी, ठिवते आता."

पण फोन बंद झाला नाही. त्यांनी तो तसाच कुठेतरी ठेवला असावा. नळाची धार घागरीत पडायला लागली. आधी पोकळ आवाज, मग भरत आल्यावर बारीक. ती उचलली, दुसरी लावली. मी तिसरी भरेपर्यंत ऐकत उभा होतो. मग मीच फोन बंद केला. नंतर दोन-तीनदा लावून पाहिला. तो नंबर आता लागत नाही.