छऱ्याच्या बंदुकीचं कुंकू

खंडेनवमीला चार दिवस होते. माळ्यावरून छऱ्याची बंदूक खाली काढली, जुन्या साडीतून सोडवली आणि उचलली, तर दस्ता माझ्या हातात राहिला आणि नळी खण्णकन फरशीवर पडली.

"काय पडलं गं?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"झारा," मी म्हटलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वडिलांशी खोटं बोलले, आणि तेही इतकं फालतू.

ही बंदूक माझ्या आजोबांची. दिंडोरीच्या मळ्यात द्राक्षांवर पाखरं उतरली की त्यांना हुसकायला घेतलेली. मळा चुलत्यांकडे गेला, बंदूक बाबांकडे आली. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, तोरा मात्र इंजिनिअरचा. निवृत्त झाले, आई गेली, ते आमच्याकडे गंगापूर रोडला राहायला आले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. आता चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. वर्षातून एकच दिवस ते पुन्हा फिटर होतात, खंडेनवमीला. इस्त्रीचा शर्ट घालून पाटासमोर बसतात, पाने-पकडी ओळीनं मांडतात आणि मधोमध बंदूक स्वतःच्या हातानं ठेवतात. नेमकी त्या वेळी नळी सुटून पडली असती, तर आपल्याच हातांनी मोडली असं त्यांना वाटलं असतं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

या बंदुकीची नळी एका लोखंडी ठोकळ्यात घट्ट बसवलेली असते आणि एक आडवी पिन दोघांना धरून ठेवते. त्या पिनेचा गंजून भुगा झाला होता. वर नळीच्या ठोकळ्यात बसणाऱ्या टोकाला कोणीतरी शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळला होता. नळी ढिली झाली म्हणून दोरा! माझा संशय सरळ नवऱ्यावर गेला. घरातली प्रत्येक वस्तू दोऱ्यानं नाहीतर चिकटपट्टीनं दुरुस्त करायची त्याची जुनी खोड. त्यानं कानावर हात ठेवले. मी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, बंदूक पिशवीत घालून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गेले. पहिला लेथवाला पिशवीत डोकावला आणि मागेच सरला. "ताई, बंदुकीचं काम नको. नस्तं लचांड मागं लागायचं." दुसरा फारच उत्साही निघाला. "वेल्डिंग मारून देतो, जन्मात हालणार नाय." अहो, पण छरा भरायला ती मधोमध उघडावी लागते, आणि ती नळी तापून वाकली म्हणजे? तो म्हणाला, "पूजेलाच ठेवायची ना?" मला इतका संताप आला की रिक्षात बसल्यावर त्याला द्यायची उत्तरं सुचत राहिली.

मग दोन ट्यूब कालवून लावायचा डिंक आणला. नळी ठोकळ्यात बसवली, दिवसभर वाळू दिलं. नेम धरायचा काटा एका अंगाला कलला होता, तरी म्हटलं चालेल. जरा जोर देऊन पाहिला, तर नळी पुन्हा हातात. बोटांना डिंक, ओढणीला डिंक. मी ती नळी अक्षरशः आपटली.

"झारा पुन्हा पडला वाटतं," दारातून बाबा म्हणाले.

ते काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. मी निमूटपणे नळी दिली. त्यांनी ती उलटसुलट फिरवून पाहिली.

"ही मीच मोडली," ते म्हणाले. "मागच्या वर्षी पाटावर ठेवताना हातात हलली. लय घाबरलो. दुपारी तुम्ही झोपल्यावर दोरा गुंडाळला अन् मीच साडीत बांधून ठेवली. तुला काय सांगणार? विमानं जोडली, अन् घरातली एक बंदूक धड ठेवता नाय आली."

त्या थरथरत्या बोटांनी किती वेळ लागला असेल तो दोरा गुंडाळायला! आणि मी मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत होते.

बाबांनी पिनेच्या भोकात नख घातलं. लाल चिखल निघाला. त्यांनी तो बोटांवर चोळला, हुंगला. "हा नुसता गंज नाय. कुंकू हाय. पूजेनंतर पुसत नव्हती का तू?"

नव्हते पुसत. पूर्वी दसऱ्याच्या सकाळी ते तेलाच्या फडक्यानं बंदूक पुसून ठेवायचे. मला ती कारखान्यातली सवय वाटायची. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून हळदकुंकू लावणं माझ्याकडे आलं. दर वर्षी ओलं हळदकुंकू त्याच सांध्यावर लावायचे आणि बंदूक तशीच साडीत जायची. कुंकू पुसायचं नसतं, हे आईनं लहानपणीच मनावर बिंबवलेलं.

"बाबा, मी मोडली ही," मी म्हटलं. "तुमच्या हातांनी नाही."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

मग मात्र त्यांच्या अंगात फिटर संचारला. डिंक खरवडून घेतला, गंज पॉलिश पेपरनं घासायला लावला. नळी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारशेजारी आणि ठोकळा दस्त्यापासून सोडवून तव्यावर. गार नळी आक्रसते, तापलेला ठोकळा फुगतो, असं म्हणे. त्यांच्या पेटीतल्या जुन्या ड्रिलच्या दांडीची पिन केली. मी हातोडी मारत होते, ते ओरडत होते. "वाकडी चालली! डोळे कुठं हायेत? तू माझ्या हाताखाली असतीस तर पहिल्याच दिवशी घरी धाडली असती!" मीही ओरडले. तिसऱ्यांदा पिन सरळ गेली.

खंडेनवमीला त्यांनी बंदूक पाटावर ठेवली. काही पडलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी तेलाचं फडकं माझ्यापुढे धरलं. माझा हात धजेना.

"पूस," बाबा म्हणाले. "मी पुसायला घेतलं की तुझी आई स्वयंपाकघरात निघून जायची. तिला बघवायचं नाय. पण पुसू नका असं कधी म्हणाली नाय."

मी पुसलं. सांध्यावर जरा जास्तच जोर लावला. नळी हलली नाही.