पाय धरून पडलेला नातू

माझा नातू अमेरिकेत कॉलेजच्या संघातून तिकडचा फुटबॉल खेळतो. शनिवारी संध्याकाळी दोह्यात, अल थुमामा भागातल्या आमच्या घरी, मी आणि सून त्याची मॅच टीव्हीवर बघत होतो. समोरचा संघ फार घाईचा होता. एक डाव संपला की घोळका करून काही ठरवणं नाही, लगेच पुढचा डाव सुरू. नातवाच्या संघाला दमलेल्यांच्या जागी बदली खेळाडू घ्यायलाही वेळ मिळत नव्हता. नातू तर धापा टाकत होता. मग तो उजवा पाय धरून आडवा झाला आणि खेळ थांबला.

सुनेने रोझरीची माळ हातात घेतली. “आई, पाय मोडला हो त्याचा.”

“काही मोडलेलं नाही. आधी त्याने कोचकडे बघितलं, मग पडला.”

वसईला भाताच्या लावणीत मालकीण कंबर सरळ करू द्यायची नाही, तेव्हा मीही पायात काटा गेला म्हणून बांधावर बसायचे.

“तुम्हाला सगळं नाटकच वाटतं,” सून म्हणाली.

नातू दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर गेला, बाकावर बसला, पाणी प्याला आणि डावा पाय चोळू लागला.

सुनेने माळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, “येऊ दे आज त्याचा फोन.”