फ्रिजमधला हिवाळा

बायकोच्या मामांकडे पोहे खाताना मी गॅलरीतून पाणी घालायला ओट्यावर आणलेल्या कुंडीतली बरीचशी हिरवाई कोथिंबीर समजून खुडली आणि वर भुरभुरवली. मामांनी हातातली बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “जावईबापू, चव कशी आहे?” तिखटसर, मोहरीसारखी, मी म्हणालो. “म्हणजे कूळ बरोबर आहे,” असं म्हणून ते समाधानाने उरलेल्या एकुलत्या रोपाकडे वळले. मुंबईच्या हवेशी इतक्या सभ्यपणे भांडणारा माणूस अख्ख्या मरोळमध्ये दुसरा नसेल.

लग्न झाल्या झाल्या मामा-मामी हिमाचलला गेले होते. बर्फ नुकतं वितळलेलं, देवदारांखाली मोहरीच्या कुळातली पांढरी, चार पाकळ्यांची रानफुलं उगवलेली. मामी त्या फुलांत बसली ती उठेचना. बसवाला हॉर्न वाजवून थकला, असं मामा अजून सांगतात. आता गुडघ्यांमुळे मामीला जिना उतरवत नाही, म्हणून ती फुलंच तिच्यापर्यंत आणायची, हा त्यांचा ध्यास. हिमाचलला निघालेल्या प्रत्येकाच्या हाती ते बी आणायला रिकामी काडेपेटी देतात. या बियांना उगवण्याआधी हिवाळा लागतो, म्हणून त्या ओल्या फडक्यात, फ्रिजमधल्या भाजीच्या ट्रेमध्ये. भाजी बाहेर सुकते. फ्रिज जरा जास्त वेळ उघडा राहिला की मामा आतून ओरडतात, “अरे, तिकडे डिसेंबर चालू आहे!” आरेच्या झाडीतून पोतंभर पालापाचोळा बसने आणताना कंडक्टरने आत काय म्हणून विचारलं, तर म्हणे, “जंगल. लगेज लागेल का?” गॅलरीत देवदारांच्या सावलीसाठी मामीची हिरवी साडी बांधलेली असते. दुपारी कुंडीभोवती बर्फाचे खडे मांडून मामा शेजारी बसतात. मीही बसतो. साडीतून झिरपणाऱ्या हिरव्या उजेडात डोळे जड होतात, आणि डोक्यावरून उतरणारं विमान दरीतल्या वाऱ्यासारखं वाटतं.

दरवर्षी रोपं उकाड्याने माना टाकत. कळीपर्यंत एकही पोचलं नव्हतं. पण यंदा, माझ्या तावडीतून सुटलेल्या त्या एका रोपाने फेब्रुवारी गाठला, आणि एका सकाळी मामांचा फोन आला: ऊन यायच्या आत या.

फूल नखाएवढं. मामांनी मामीला धरून गॅलरीत खुर्चीवर बसवलं. ती वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. मामा खुर्चीची पाठ धरून उभे होते.

“तस्संच आहे हो,” मामी म्हणाली.

मामा आत जाऊन उगाचच चष्मा पुसत बसले.

परतताना बायकोने मला सांगितलं, स्वयंपाकघरात मामी तिच्याशी हळूच बोलली होती. हिमाचलला त्या दिवशी नवा बूट चावत होता म्हणून मामी बसली होती. फुलांकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मग इतकी वर्षं मामांना सांगितलं का नाही, मी विचारलं.

“काय सांगायचं त्यात?” बायको म्हणाली. “आज नीट बघितलं ना तिने.”