धूर हाय व्हय ह्यात?
कंपनीतल्या भट्टीवरचे आमचे थोरले मिस्त्री रिटायर झाले तेव्हा आणलेल्या व्हिस्कीतली एक बाटली आज कपाट आवरताना सापडली. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मिस्त्री, मी आणि भट्टीवरचा माझा जोडीदार असे आम्ही तिघं कंपनीच्या बसने चाकणहून मोशीला, माझ्या गच्चीवर आलो होतो. अंगाला जळक्या तेलाचा वास तसाच. मी स्कॉटलंडच्या एकाच बेटावरच्या, धुराच्या वासासाठी नावाजलेल्या तीन सिंगल माल्ट व्हिस्की मांडल्या. एकीला दवाखान्याचा वास, दुसरीला ओल्या राखेचा, असा आम्हा दोघांचा वाद चालला. मिस्त्री मात्र तिन्ही ग्लास आळीपाळीने हुंगत होते. "सगळ्यात धुरकट कुठली?" मी विचारलं. "धूर हाय व्हय ह्यात?" ते म्हणाले. आम्ही हसलो, ते हसले नाहीत. त्यांच्यानंतर भट्टी माझ्याकडे आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज बूच काढलं, तर आतून बायको ओरडली, "अहो, काय जळतंय?" मला वास लागेना; मी अजून बाटली हुंगतोय.