आर्वोचा टॉवर आणि हेल्मीची वाळवणाची तार

आर्वो मात्तिलाला गावात सगळे हट्टी म्हणत, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. सुपिरियर सरोवराच्या काठावर खनिजाच्या गाड्या हाकण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली. निवृत्त झाला त्याच उन्हाळ्यात त्याने परसात सत्तर फुटांचा लोखंडी टॉवर उभा केला. दहा-दहा फुटांचे सात तुकडे एकावर एक चढवले, तीन बाजूंनी पोलादी ताणतारा बांधल्या आणि शेंड्यावरून रेडिओची अँटेना टांगली. हौशी रेडिओवाल्यांचं एक वेड असतं, उंचीचं. अँटेना जितकी वर तितका माणूस मोठा, असं त्यांना मनापासून वाटतं. आर्वोला तर जरा जास्तच वाटे.

त्याची बायको हेल्मी म्हणायची, "चर्चचा मनोरासुद्धा याच्याहून बुटका आहे. पाद्री रुसलाय तुझ्यावर."

रोज सकाळी सात वाजता आर्वो कानाला हेडफोन लावून बसे. पलीकडे असे डेलमार पॉइट्रास, सरहद्दीपार कॅनडाच्या रानात तळ्याकाठी एकटाच राहणारा, सापळे लावून जनावरं धरणारा शिकारी. एकोणीस वर्षांची दोस्ती, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. डेलमारचा सेट घरीच जोडलेला होता, दुबळा आणि एकाच लहरीवर बोलणारा. त्या लहरीवर, त्या वेळी ऐकणारा जगात एकटा आर्वो.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी डेलमार म्हणाला, "रविवारी कुऱ्हाड पायावर बसली रे. थोडी सूज आहे."

"विमान बोलवू?"

"बायकांसारखा घाबरू नकोस. लाली घोट्याच्या वर चढली तर उद्या सांगतो. मग बोलव."

आर्वोने वहीत लिहिलं: डेलमार. पाय. उद्या.

मंगळवारी दिवसभर पाऊस पडला आणि पडता पडता गोठत गेला. बुधवारी पहाटे परसात काहीतरी कडाडलं. उजाडल्यावर आर्वोने पाहिलं तर एक ताणतार जमिनीत गाडलेल्या खुंटासकट उपटली होती, टॉवरचे वरचे दोन तुकडे मोडून खाली लोंबत होते आणि अँटेनाचे तुकडे बर्फात विखुरले होते. वीज गेली होती. फोन गेला होता. रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. सात वाजता त्याने ट्रकची बॅटरी सेटला जोडली आणि हेडफोन लावला. नुसती खरखर. पलीकडे डेलमार बोलत असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 

सहासष्टाव्या वर्षी तो कमरेला पट्टा बांधून टॉवरवर चढला. हेल्मी खाली दोर धरून उभी राहिली. मोडके तुकडे कप्पीने उतरवायचे, नवी ताणतार बांधायची आणि उरलेल्या पन्नास फुटांवर अँटेना चढवायची, असा त्याचा बेत होता. एकेक पेच बर्फाने असा धरला होता की हातोडीने ठोकून सोडवावा लागे. दुपारपर्यंत एकच तुकडा खाली आला. बोटांचं लाकूड झालं. तो उतरला तेव्हा हेल्मीने त्याचे हात आपल्या काखेत घेतले आणि परसात घरापासून सौनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, बांधलेल्या तारेकडे बोट दाखवलं.

"आर्वो, तार हवी आहे ना? मग ही माझी वाळवणाची तार लाव की. घरापासून सौनापर्यंत शंभर फूट आहे. लोखंडाचीच आहे."

आर्वो हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "त्या तारेवर तुझे लोकरी पायमोजे वाळतात, हेल्मी. डोक्याइतक्या उंचीवर! त्यावरून आवाज कुंपणाबाहेर जाईल का? तू दोर धर."

"मला काय कळतंय," हेल्मी म्हणाली आणि तिने दोर धरला.

आता खरं सांगायचं तर ही गोष्ट आर्वोला ठाऊक होती. शे-दीडशे मैलांवर बोलायला कमी उंचीवरची तारसुद्धा पुरते, हे त्याने स्वतः नवशिक्यांना शिकवलं होतं. पण टॉवर मोडलाय म्हटल्यावर त्याला टॉवरच दिसत होता. माणूस असा आंधळा होतो.

गुरुवारी सकाळी सात वाजता तो चाळीस फुटांवर होता. घड्याळ बघायची हिंमत होईना. "आज दुपारी होईल," तो वरून ओरडला. "उद्या सातला मी बोलतो त्याच्याशी!" खाली हेल्मीने दोर आणखी घट्ट धरला. मनात तो डेलमारला शिव्या देत होता, की मंगळवारीच विमान बोलव म्हणायला काय झालं होतं तुला? आणि शिव्या देता देता रडत होता.

तीन ताणतारा थोड्या थोड्या करून, आळीपाळीने ताणायच्या असतात, नाहीतर टॉवर एकीकडे ओढला जातो. हाही त्याने नवशिक्यांना शिकवलेलाच नियम. पण बोटं वळत नव्हती आणि उजेड सरत होता, म्हणून त्याने नवी तार एका दमात आवळली. तो कॉफीसाठी खाली आला आणि सरोवरावरून वारा उठला. टॉवर कंबरेतून वाकला आणि सावकाश, अगदी निवांतपणे सौनाच्या छपरावर झोपला.

आर्वो बर्फात बसला. "मारलं मी त्याला," तो म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. हेल्मीने त्याला काखेत हात घालून घरात नेलं.

शुक्रवारी पहाटे तो उठला, पक्कड घेतली आणि वाळवणाची तार सेटला जोडली. एक चिमटा तारेवर गोठला होता, तो तसाच राहिला. सात वाजले. हेडफोनमध्ये आवाज आला. बारीक होता, पण शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ.

"आर्वो... आर्वो... आहेस का रे..."

"आहे! आहे मी, डेलमार! पाय?"

"गुडघ्यापर्यंत आलंय. काळं."

आर्वोने बटणं फिरवली आणि सरहद्दीपलीकडच्या थंडर बे शहरातल्या एका रेडिओवाल्याला हाक मारली. त्यानेही पहिल्या हाकेलाच ओ दिली. अकरा वाजता बर्फावर उतरणारं विमान डेलमारच्या तळ्यावर होतं.

तीन आठवड्यांनी दोघं नवराबायको थंडर बेच्या इस्पितळात गेले. हेल्मीने वेलचीचा गोड पाव बरोबर घेतला होता. खाटेवर एक ठेंगणा, दाढीवाला माणूस बसला होता. पांघरुणाखाली एकच पाय होता. दुसरा गुडघ्यावरून कापला होता.

"अरे, तू तर आवाजापेक्षा म्हातारा निघालास!" डेलमार म्हणाला आणि आर्वोचा हात सोडेना. "या नर्सना मी रोज सांगतो, माझ्या दोस्ताने मोडलेला टॉवर तीन दिवसांत उभा केला. सहासष्टाव्या वर्षी! कसं जमवलंस रे?"

हेल्मी पाव कापत होती. तिने मान वर केली नाही. ती काही बोलणार नाही, आर्वोला कळलं. आज नाही आणि कधीच नाही. तोही गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"टॉवर पडला," आर्वो म्हणाला. "हिच्या वाळवणाच्या तारेवरून बोललो मी तुझ्याशी."

डेलमार खदखदून हसला. "वाळवणाची तार! वा रे पठ्ठ्या! शुक्रवारी सुचलं तुला?"

"मला नाही. हिला सुचलं होतं. बुधवारी."

डेलमारचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते गेलं. त्याने पांघरुणाकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हणाला, एक दिवस आधी आला असतास तर पायाची दोन बोटं कापून भागलं असतं," तो हळूच म्हणाला. "गुरुवारी मी बॅटरी संपेल म्हणून भीत भीत दोन तास हाका मारल्या, आर्वो. तू कुठे होतास?"

"वर," आर्वो म्हणाला. "टॉवरवर."